बोटांनी बुद्धिबळ: पहिल्या पटापासून पहिल्या स्पर्धेपर्यंत

"अगं, दिसत नाही तर अख्खा पट डोक्यात ठेवतेस की काय?" हा प्रश्न मला लग्नकार्यात हमखास येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात कौतुक असतं, म्हणून पूर्वी मी नुसती हसायचे. आता सरळ सांगते, नाही हो. मी पट हाताने बघते. डाव चालू असताना हव्या त्या सोंगटीला, हव्या तितक्या वेळा हात लावते. नियमच तसा आहे.

माझी नजर रेटिनायटिस पिगमेंटोसाने गेली. आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, आणि चाळिशीला फक्त उजेड-अंधार उरला. लहानपणी आजोबांबरोबर खेळायचे तेवढंच बुद्धिबळ येत होतं. ते पुन्हा सुरू करताना चुकीचा पट घेतला, चुकीच्या सवयी लावून घेतल्या आणि पहिल्या स्पर्धेत पंचांची समज खाल्ली. ज्यांची नजर नुकतीच गेली आहे किंवा जात आहे, आणि ज्यांना सोंगट्या कशा चालतात एवढं तरी माहीत आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. घरच्यांनीही वाचावं, विशेषतः आठवी पायरी.

बुद्धिबळच का? क्रिकेटही आहे. त्यात चेंडूत छर्रे वाजतात, गोलंदाज हात खालून टाकतो, आणि पूर्ण अंध फलंदाजाने काढलेल्या धावा दुप्पट धरतात. खेळ झकास आहे, पण त्याला मैदान लागतं आणि अकरा जण लागतात. बुद्धिबळाला एकच माणूस पुरतो. आणि डोळस माणसासमोर बसून, कुठलीही सूट न घेता त्याला हरवता येतं. मला त्याचीच भूक होती.

१. पट घेताना काय तपासायचं

आपल्या पटात काळी घरं किंचित वर आलेली असतात आणि पांढरी खाली. प्रत्येक घराच्या मधोमध भोक असतं, सोंगटीच्या बुडाला खुंटी असते, ती भोकात बसते. त्यामुळे हात फिरवला तरी डाव विस्कटत नाही. काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर टाचणीच्या टोकासारखी खूण असते. पांढऱ्यांचं डोकं गुळगुळीत.

मुंबईत वरळीला नॅबचं, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं केंद्र आहे. देहरादूनला केंद्र सरकारची दृष्टिदिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. अशा ठिकाणी चौकशी करा. जवळच्या अंधशाळेतही विचारा, तिथल्या शिक्षकांना पट कुठून येतात ते पक्कं ठाऊक असतं.

पट हातात आला की आधी खुंट्या तपासा. सगळ्या बत्तीस. ढिली खुंटी नुसता हात फिरवताना निघते, आणि नियमाच्या दृष्टीने ते फार महाग पडतं (ते पुढे येईल). घट्ट खुंटी ओढताना अख्खा पट वर येतो. माझा पहिला पट घट्ट होता आणि लाकडी. पावसाळ्यात खुंट्या फुगल्या आणि वजीर हत्तीच्या घरातून निघेचना. खुंटीला मेणबत्ती घासल्यावर काम झालं.

दुसरी गोष्ट आकाराची. स्पर्धेसाठीचा पट निदान २० बाय २० सेंटीमीटरचा असावा. प्रवासात नेण्याचे चिमुकले पट येतात, त्यात उंट आणि प्यादं बोटाला सारखंच लागतं. ते घेऊ नका.

पट येईपर्यंत थांबायचं नसेल तर घरातला चुंबकवाला पट काढा. काळ्या घरांवर पॉलिश पेपरचे चौकोन चिकटवा, आणि काळ्या सोंगट्यांच्या मानेला बारीक रबर गुंडाळा. महिना-दोन महिने हे चालतं.

२. हाताला वळण लावणं

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात महत्त्वाचीही. मी ती गाळली होती. त्याचं फळ वर्षभर भोगलं.

पट समोर ठेवल्यावर आधी स्वतःकडचा डावा कोपरा चाचपा. तिथलं घर वर आलेलं, म्हणजे काळं असलं पाहिजे. खोलगट लागलं तर पट आडवा ठेवला आहे. पांढऱ्यांकडून खेळा की काळ्यांकडून, ही खूण दोन्हीकडे सारखीच लागू पडते.

नंतर रिकाम्या पटावर दोन्ही हातांची बोटं फिरवा. सोंगटीला वरून चिमटीत पकडू नका, बोटाच्या पोटाने बाजूने शिवा. घोड्याचं तोंड, हत्तीचा सपाट माथा, उंटाची खाच, वजिराचा दातेरी मुकुट ही ओळख आठवड्याभरात बसते. एक हात पटाच्या कडेला टेकवून ठेवा, त्यावरून आपण कितव्या ओळीत आहोत ते कळतं. दुसरा हात फिरता ठेवा. दोन्ही हात एकदम पटाच्या मध्यावर गेले की माणूस हरवतो.

आडव्या-उभ्या ओळी लवकर जमतात. तिरप्या जमत नाहीत. उंटाची वाट बोटाने धरायची म्हणजे घराच्या कोपऱ्यातून पलीकडच्या कोपऱ्यात जायचं, आणि तिथेच बोट घसरून शेजारच्या घरात जातं. काळ्या घरांची तिरपी ओळ तरी वर आलेली असते, पायरी पायरीने चढल्यासारखी कळते. पांढरी ओळ खड्ड्याखड्ड्यांतून जाते. रोज दहा मिनिटं फक्त एक उंट घेऊन बसा, सगळ्या सोंगट्या काढून ठेवा, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जा. घरचे विचारतील काय चाललंय. सांगा, जप.

ज्यांना पूर्वी दिसत होतं त्यांच्यासाठी एक इशारा. आपल्या डोक्यात पटाचं जुनं चित्र असतं आणि आपण त्याच्यावर विसंबतो. "तिथे प्यादं आहे, माहितीये मला" असं म्हणून हात लावायचं टाळतो. ते प्यादं तीन खेळ्यांपूर्वीच मारलेलं असतं. समोरच्याने खेळी केली की दर वेळी हात फिरवायचा. जी सोंगटी हलली ती कुठे आली, आणि ती गेल्यावर मागे कोणाची वाट मोकळी झाली, या दोन्ही जागा चाचपायच्या. बहुतेक घात दुसऱ्या जागेतून होतो.

३. घरांची नावं तोंडात बसवणं

उभ्या ओळींना इंग्रजी ए ते एच ही अक्षरं आणि आडव्या ओळींना १ ते ८ हे आकडे, एवढं सगळेच शिकतात. पण बी, सी, डी, ई, जी ही अक्षरं मोठ्याने म्हणून बघा. सगळी एकाच सुरात संपतात. शेजारी पंखा घरघरत असेल तर बी कुठलं आणि डी कुठलं? म्हणून अंधांच्या बुद्धिबळात अक्षरांना नावं दिली आहेत: ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्टाव, हेक्टर. राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं की म्हणायचं, "इव्हा चार".

आंतरराष्ट्रीय नियमात आकडे आणि सोंगट्यांची नावं जर्मन आहेत. घोडा म्हणजे श्प्रिंगर, उंट म्हणजे लॉयफर, हत्ती म्हणजे टुर्म. पंचांनी वेगळं ठरवलं तर वेगळी भाषाही चालते. म्हणून पहिल्या फेरीआधीच पंचांना विचारून घ्या. ॲना-बेला मात्र पाठच करा, ती सगळीकडे लागतात.

घराचा रंग ओळखायचा हिशेबही शिकून घ्या. ॲनाला १, बेलाला २, असं हेक्टरला ८ पर्यंत मोजा आणि त्यात ओळीचा आकडा मिळवा. बेरीज सम आली तर घर काळं, विषम आली तर पांढरं. डेव्हिड चार म्हणजे ४ अधिक ४, सम, काळं. घोडा दर उडीला रंग बदलतो, उंट कधीच बदलत नाही. भाजी निवडताना, बसमध्ये, कुठेही हा सराव होतो.

४. दोन पटांचा डाव

एका डावात दोन पट असतात, तुमचा तुमच्यापुढे आणि समोरच्याचा त्याच्यापुढे. समोरचा डोळस असेल तर तो साध्या पटावर खेळतो. दोन पट मागायचा हक्क दोघांनाही आहे, त्यासाठी कुणाची मनधरणी करायची नाही.

तुम्ही खेळी करता आणि स्पष्ट आवाजात सांगता. समोरचा ती पुन्हा उच्चारतो आणि आपल्या पटावर लावतो. मग त्याची पाळी. हे पुन्हा उच्चारणं लोक कंटाळून सोडून देतात, आणि तिथेच घोटाळा होतो. माझ्या एका डावात समोरच्याने "बेला पाच" म्हटलं, मी "डेव्हिड पाच" ऐकलं आणि गप्पपणे उंट तिथे ठेवला. सहा खेळ्यांनंतर मी त्या उंटाला मारायला गेले तर तो त्याच्या पटावर तिथे नव्हताच. मग पंच आले, दोघांच्या नोंदी काढल्या, डाव मागे नेला. नियम असाच आहे. दोन पटांवर वेगवेगळी मांडणी झाली तर नोंदी ताडून दुरुस्ती करतात.

आता खुंटीचा नियम. खुंटी भोकातून बाहेर आली की त्या सोंगटीला "हात लावला" असं धरतात, आणि मग तीच खेळावी लागते. भोकात असेपर्यंत कितीही कुरवाळा. म्हणून म्हटलं, ढिल्या खुंट्यांचा पट नको.

बोलताना जीभ घसरली, घोडा म्हणायच्या जागी उंट म्हणालात, तर लगेच सुधारा. समोरच्याचं घड्याळ सुरू व्हायच्या आत. बटण दाबल्यावर आठवून उपयोग नाही. प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की त्याचा वजीर केला की घोडा, तेही तोंडाने सांगावं लागतं.

५. डाव लिहून ठेवणं

ब्रेल येत असेल तर ब्रेलमध्ये लिहा. येत नसेल तर मोठ्या अक्षरात हाताने, किंवा ध्वनिमुद्रकावर खेळ्या बोलून. तिन्ही चालतं. नजर उशिरा गेलेल्या माझ्यासारख्यांना ब्रेल जड जातं. मी मुद्रकाने सुरुवात केली, पण आता ब्रेलकडे वळते आहे. मुद्रकावरची अकरावी खेळी ऐकायला आधीच्या दहा ऐकाव्या लागतात, आणि घड्याळ तोपर्यंत थांबत नाही.

सापळा असा की घरी आपण फोनवर मुद्रण करतो, आणि स्पर्धेच्या दालनात फोन आणायला बंदी असते. हातातला साधा मुद्रक वेगळा घ्या आणि तोही आधी पंचांना दाखवा.

६. फोन आणि संगणकावर सराव

रोज कोण येणार खेळायला? सरावासाठी संगणकच बरा.

अँड्रॉइड फोनवर आवाजाची दोन्ही बटणं एकत्र तीनेक सेकंद दाबून धरली की पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक सुरू होतं. आधी सेटिंगमध्ये ही सोय चालू आहे ना, ते कुणाकडून तरी बघून घ्या. संगणकावर एनव्हीडीए घ्या. हा पडदा-वाचक मोफत आहे, कंट्रोल, ऑल्ट आणि एन एकत्र दाबले की सुरू होतो आणि मराठीही वाचतो. बडबड थांबवायला कंट्रोल दाबायचं. हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर माझी डोकेदुखी वाचली असती.

खेळायला लीचेस हे संकेतस्थळ. मोफत, जाहिराती नाहीत. पान उघडल्यावर अगदी सुरुवातीला अंधांसाठीची मांडणी चालू करणारा दुवा असतो. तो डोळसांना दिसत नाही, आपल्या वाचकाला मात्र सापडतो. भाच्याला शोधायला सांगितलं तर तो म्हणेल, "आत्या, असं काही नाहीच इथे." तुम्ही स्वतःच शोधा. मग चित्राच्या पटाऐवजी लिहायची चौकट येते. तीत खेळी लिहून एंटर दाबायचं. एल लिहिलं की शेवटची खेळी वाचून दाखवतो, सी लिहिलं की घड्याळ. बाकीच्या आज्ञांची यादी त्याच पानावर वाचता येते. कळफलक इंग्रजीवर आहे ना, ते बघा. मराठी कळफलकावर खेळी लिहून "चुकीची खेळी" हे मी अर्धा तास ऐकत बसले होते.

झटपट डावांच्या नादी लागू नका. पंधरा मिनिटं आणि दर खेळीला दहा सेकंद, किंवा तीस मिनिटं आणि वीस सेकंद, असा वेळ निवडा. आणि संगणकावर खेळताना शेजारी खरा पट मांडून प्रत्येक खेळी त्यावरही लावा. नुसतं ऐकून खेळलात तर बोटं आळशी होतात, आणि स्पर्धा बोटांचीच असते.

७. कागदपत्रं

अंधांच्या बुद्धिबळाचं देशातलं काम ऑल इंडिया चेस फेडरेशन फॉर द ब्लाइंड ही संघटना बघते. ती उभी करणारे चारुदत्त जाधव स्वतः अंध खेळाडू, मुंबईचे. जगाच्या पातळीवर आयबीसीए, म्हणजे आंतरराष्ट्रीय ब्रेल बुद्धिबळ संघटना आहे. तिचं पहिलं ऑलिंपियाड १९६१ मध्ये जर्मनीतल्या मेशेडे इथे झालं, आणि २०१२ चं चेन्नईत. २०२३ मध्ये हांगझोऊच्या पॅरा आशियाई स्पर्धेत पूर्ण अंध पुरुषांच्या गटातली रॅपिड, म्हणजे जलद बुद्धिबळाची तिन्ही वैयक्तिक पदकं भारताने घेतली. सुवर्ण वडोदऱ्याच्या दर्पण इनानीचं. हे सांगते अशासाठी की घरचे "टाइमपास" म्हणाले तर तुमच्याकडे उत्तर असावं.

जवळ ठेवायच्या गोष्टी:

- यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. ४० ते ८० टक्क्यांच्या आत पिवळं कार्ड, त्यावर निळं.
- नेत्रतज्ज्ञाचं प्रमाणपत्र, ज्यात दोन्ही डोळ्यांची दृष्टी आणि दृष्टीक्षेत्र आकड्यांत लिहिलेलं आहे.
- आधार, जन्मतारखेचा पुरावा, छायाचित्रं.
- डोळसांच्या मानांकन स्पर्धांतही खेळायचं असेल तर अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची नोंदणी आणि फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा क्रमांक.
- रेल्वेने जायचं तर रेल्वेचं स्वतःचं सवलत ओळखपत्र. पूर्ण अंध व्यक्तीला आणि सोबत्याला शयनयानात ७५ टक्के सवलत मिळते.

लोक अडकतात ते दुसऱ्या कागदावर. यूडीआयडीवर टक्के असतात, पण खेळातले गट बी १, बी २, बी ३ असे आहेत आणि ते दृष्टीच्या मोजमापावर ठरतात. बी १ म्हणजे पूर्ण अंध किंवा जेमतेम उजेड कळणारे. बी २ ची वरची मर्यादा २/६० दृष्टी किंवा पाच अंशांचं दृष्टीक्षेत्र, बी ३ ची ६/६० किंवा वीस अंश. रेटिनायटिसवाल्यांनो, तुमचा समोरचा तक्ता बरा वाचून होतो, क्षेत्र मात्र नळीएवढं असतं. डॉक्टरांनी क्षेत्राचा आकडा लिहिला नाही तर तुम्ही गटाबाहेर जाता. मी एका रुग्णालयातून "दृष्टी कमी" एवढंच लिहिलेला कागद घेऊन आले होते. दुसऱ्यांदा रांग.

८. मदतनीस

मदतनीस घ्यायचा आपल्याला हक्क आहे. तो समोरच्याच्या पटावर आपली खेळी लावू शकतो, दोघांच्या खेळ्या उच्चारू शकतो, नोंद ठेवू शकतो, घड्याळ दाबू शकतो, किती वेळ उरला ते विचारल्यावर सांगू शकतो. खेळाबद्दल मात्र चकार शब्द काढायचा नाही.

शब्दच कशाला, सुस्काराही नाही. पहिल्या स्पर्धेत माझी धाकटी बहीण बसली होती. मी वजीर उचलला आणि तिने "च्च" केलं. समोरच्या काकांनी पंचांना बोलावलं. त्यांचं बरोबरच होतं. पंचांनी समज दिली, आणि बहीण पुढचे दोन तास ओठ मिटून बसली. पट न समजणारा मदतनीस उत्तम. शेजारच्या कॉलेजातली मुलगी, जिला फक्त ॲना-बेला आणि घड्याळ कळतं, ती बहिणीपेक्षा बरी.

मदतनीस नसेल तर स्पर्शाचं घड्याळ मागा. त्याचे काटे मजबूत असतात, दर पाच मिनिटांना एक उठावदार ठिपका, पंधराला दोन. काटे हळू शिवायला घरीच शिका, कुठल्याही जुन्या गजराच्या घड्याळाची काच काढून. आकड्यांचं घड्याळ असेल तर ते वेळ बोलून सांगणारं, इअरफोन लागणारं हवं. साधं असेल तर पंचांकडे आधीच बोला.

पिशवीत काय? पट, सगळ्या सोंगट्या मोजून, जादा दोन प्यादी, मुद्रक किंवा ब्रेलची पाटी, कागद, पाणी, आणि हात पुसायला कोरडा रुमाल. घामेजल्या बोटांना उंट आणि प्यादं यात फरक कळत नाही. वेफर्स आणू नका. कुरकुरण्याने बेलाची डेव्हिड होते.

९. घरी आल्यावर

त्याच रात्री, दमलेलं असलं तरी, नोंदीवरून डाव पुन्हा पटावर लावा. कुणीतरी खेळ्या वाचून दाखवायच्या, आपण लावायच्या. जिथे हरलो तिथे थांबून हाताला विचारायचं: हे घर मी त्या वेळी शिवलं होतं का? चाल कळली नाही म्हणून हरलो, की चाचपलंच नाही म्हणून? दोन्हींची वेगळी वही ठेवा. माझ्या "चाचपलं नाही" वहीत आजवर सर्वात जास्त वेळा आलेलं नाव पांढऱ्या घरांतल्या उंटाचं आहे. काल पुन्हा आलं.